फेअरी चेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेहमीचे बुद्धिबळ येते, पण नाकतोड्यासारखी उडी मारणारा मोहरा किंवा मेल्यावर पुन्हा जन्मणारा हत्ती समोर आला की गडबडायला होते, अशा वाचकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. ज्यांना पाया माहीत आहे त्यांनी थेट सातव्यापासून वाचले तरी चालेल. घरांची नावे ए१ ते एच८ अशी लिहिली आहेत. ए१ हे काळे घर, हे ध्यानात ठेवा; पुढे त्याची गरज पडते.

१. फेअरी चेस म्हणजे नक्की काय? वेगळा खेळ आहे का?

खेळ नव्हे, समस्या. पटावर एक स्थिती दिलेली असते, एक मागणी असते (‘दोन चालींत मात’ वगैरे) आणि उत्तर एकच असावे अशी अपेक्षा असते. नेहमीच्या समस्येपेक्षा तीनपैकी किमान एक गोष्ट बदललेली असते: मोहरे, नियम किंवा मागणी. कधीकधी पटही बदलतो. उदाहरणार्थ, ‘ए’ आणि ‘एच’ या उभ्या ओळी एकमेकींना चिकटवून केलेला नळकांडी पट.

‘फेअरी’ हे विशेषण १९१४ मध्ये मेलबर्नच्या हेन्री टेट यांनी वापरले. या शाखेला आकार दिला तो इंग्लंडच्या टी. आर. डॉसन यांनी (१८८९–१९५१). ग्रासहॉपर आणि नाइटरायडर हे मोहरे आणि मॅक्सिममर ही अट (प्रश्न ३, ५ आणि ११) या तिन्ही गोष्टी त्यांच्याच. आजही बहुतेक नवशिक्यांची सुरुवात या तिघांपासून होते, आणि ती योग्यच आहे.

आपल्या जुन्या देशी खेळात प्याद्याने केलेली मात विशेष मानाची धरत. ‘अमुकच मोहऱ्याने मात करून दाखवा’ ही अटही याच जातकुळीतली, त्यामुळे कल्पना वाटते तितकी परकी नाही.

२. फेअरी समस्या सोडवायला खेळ किती चांगला यावा लागतो?

चालींचे नियम पक्के हवेत. मानांकनाचा इथे फारसा उपयोग नाही. ओपनिंगचा अभ्यास तर शून्य कामाचा. उलट सवयीच आड येतात: ‘हत्ती समोर आहे म्हणजे शह आहे’ हे डोळ्यांना इतके अंगवळणी पडलेले असते की मद्रासीमध्ये (प्रश्न ९) तोच हत्ती जायबंदी आहे हे दिसतच नाही. पहिल्या काही समस्या सोडवताना नियम कागदावर लिहून पटाशेजारी ठेवा आणि प्रत्येक चालीनंतर तो वाचा. कंटाळवाणे आहे, पण निम्म्या चुका तिथेच टळतात.

३. ग्रासहॉपर कसा चालतो? उडी मारताना मधला मोहरा मरतो का?

मरत नाही. ग्रासहॉपर वजिराच्या आठही दिशांनी जातो, पण वाटेत एक तरी मोहरा असेल तरच. त्या पहिल्याच मोहऱ्यावरून (याला ‘हर्डल’ म्हणतात) उडी मारून तो लगेच पलीकडच्या घरात उतरतो. हर्डल स्वतःचा असो वा शत्रूचा, फरक नाही. उतरायचे घर रिकामे असले तर नुसती चाल, तिथे शत्रू असला तर तो मरतो, स्वतःचा मोहरा असला किंवा पट संपला तर चाल नाही.

उदाहरण घ्या. पांढरा ग्रासहॉपर डी१ वर, पांढरे प्यादे डी४ वर, काळा उंट जी४ वर, पांढरा राजा ए१ वर. ग्रासहॉपरला दोनच चाली आहेत: प्याद्यावरून डी५ आणि उंटावरून एच५. राजा हर्डल होऊ शकतो, पण ए१ च्या पलीकडे पट नाही. बाकीच्या दिशांना हर्डलच नाही.

आता एक छोटी समस्या सोडवून पाहा. पांढरे: राजा सी२, उंट बी१, ग्रासहॉपर ई५, प्यादे ई२. काळे: राजा ए१, प्यादे एच६. पांढऱ्याने एका चालीत मात करायची. उत्तर: ग्रासहॉपर ई२ वरून उडी मारून ई१ वर येतो. तिथून बी१ चा उंट त्याला हर्डल मिळतो आणि पलीकडे ए१ वर राजा. ए२ उंटाने अडवले आहे, बी२ पांढऱ्या राजाने. राजाने उंट मारला असता तर हर्डलच नाहीसा होऊन शह सुटला असता, पण बी१ वर सी२ च्या राजाची नजर आहे. म्हणून मात.

४. ग्रासहॉपरच्या शहातून सुटायचे कसे? मी हर्डल मारला तरी शह राहतोच.

राहणारच, कारण मारणारा मोहरा त्याच घरात बसून नवा हर्डल होतो. राजाने स्वतः हर्डल मारला तर मात्र शह जातो. बाकी वाटा अशा:

हर्डल तुमचा असेल तर तो हलवा. ग्रासहॉपर आणि हर्डल यांच्यामध्ये काहीतरी आणून बसवा. मग ग्रासहॉपरचा पहिला हर्डल बदलतो आणि त्याची उडी राजाच्या अलीकडेच संपते. ग्रासहॉपरला मारा. किंवा राजा हलवा, आणि इथे एक मजा आहे: हत्तीच्या शहात राजा त्याच ओळीत मागे सरकू शकत नाही, ग्रासहॉपरच्या शहात सरकू शकतो. ग्रासहॉपर ए१, हर्डल ए५, राजा ए६ असेल तर ए७ वर जाणे पूर्ण वैध आहे, कारण उडी ए६ वरच संपते.

हर्डल आणि राजा यांच्यामध्ये काही घालण्याचा प्रश्नच नाही. शह असताना ते दोघे कायम लागून असतात.

५. नाइटरायडर आणि घोडा यांत फरक काय?

घोडा एक उडी मारून थांबतो. नाइटरायडर त्याच दिशेने उड्या मारत पुढे जाऊ शकतो. ए१ वरून एक रेषा बी३, सी५, डी७ अशी जाते आणि दुसरी सी२, ई३, जी४ अशी. उड्यांच्या मधल्या घरांत (ए२, बी२ वगैरे) काय आहे याच्याशी त्याचे घेणेदेणे नाही. पण उडी जिथे टेकते ते घर अडलेले असेल तर रेषा तिथेच संपते. बी३ वर स्वतःचा मोहरा असेल तर सी५ आणि डी७ बंद. शत्रूचा असेल तर तो मारता येतो, पण त्यापुढे जाता येत नाही.

याचा परिणाम असा की घोड्याचा शह कधीच अडवता येत नाही, पण नाइटरायडरचा लांबून आलेला शह अडवता येतो. ए१ वरून डी७ च्या राजाला शह असेल तर बी३ किंवा सी५ वर मोहरा आणा. नाइटरायडर मोहरे पिनही करतो, आणि नवशिक्यांच्या नजरेतून सुटतात त्या याच पिना. दिशा बदलत वळणे घेत तो जात नाही. ती चाल दुसऱ्या मोहऱ्यांची.

६. उंट म्हणजे बिशप ना? मग ‘कॅमल’ वेगळा कसा? आणि ‘वझीर’?

हा गोंधळ मराठी वाचकांनाच होतो, म्हणून नीट सांगतो. फेअरी चेसमधला कॅमल हा एक-तीन उडी मारणारा मोहरा: एका दिशेने एक घर आणि काटकोनात तीन. आपल्या उंटाशी त्याचा एवढाच संबंध की तोही जन्मभर एकाच रंगाच्या घरांत राहतो. ‘वझीर’ हा उभा-आडवा फक्त एक घर सरकणारा मोहरा आहे, आपला वजीर नव्हे. समस्या लिहून घेताना नेहमीच्या सोळा मोहऱ्यांना मराठी नावे आणि बाकीच्यांना इंग्रजी नावे, असा दंडक ठेवला की भानगड मिटते. या पानावरही तेच केले आहे.

उड्यांचे इतर मोहरे झटपट: झीब्रा दोन-तीन, जिराफ एक-चार, फेर्झ तिरके एक, दब्बाबा सरळ दोन, अल्फिल तिरके दोन. शेवटचे दोघे मधल्या मोहऱ्यावरून उडी मारतात. जोडमोहरे याहून सोपे: वजीर आणि घोडा मिळून अ‍ॅमेझॉन, हत्ती आणि घोडा मिळून एम्प्रेस, उंट आणि घोडा मिळून प्रिन्सेस. चिनी बुद्धिबळावरून आलेला पाओ हत्तीसारखा चालतो, पण मारताना मात्र त्याला मध्ये एक हर्डल लागतो. ग्रासहॉपरप्रमाणे हर्डलला लागूनच उतरण्याची सक्ती त्याला नाही.

७. एच#२, एस#३, सर-एच#५ ही काय भाषा आहे?

‘#’ म्हणजे मात. त्याआधी काही नसेल तर नेहमीची मागणी: पांढरा सुरू करतो, काळा जिवाच्या आकांताने अडवतो, तरी मात.

‘एच’ म्हणजे हेल्पमेट. दोन्ही बाजू संगनमताने काळ्यालाच मात घडवतात आणि सुरुवात काळा करतो. एच#२ मध्ये काळा, पांढरा, काळा, पांढरा अशा चार अर्ध्या चाली. एच#२.५ असेल तर सुरुवात पांढऱ्याची, अर्ध्या चाली पाच. हेल्पमेटची कल्पना माक्स लांगे यांनी १८५४ मध्ये मांडली. काळ्याने सुरुवात करण्याची रीत सॅम लॉइड यांच्या १८६० च्या समस्येपासूनची.

‘एस’ म्हणजे सेल्फमेट. पांढरा सुरू करतो आणि काळ्याला स्वतःवर (पांढऱ्यावर) मात करायला भाग पाडतो. काळ्याला ती मात करायची नसते. हेल्पमेट आणि सेल्फमेट यांत लोक घोटाळा करतात तो इथेच: एकात सहकार्य आहे, दुसऱ्यात जबरदस्ती. रिफ्लेक्समेट हा सेल्फमेटचाच भाऊ, त्यात ‘एका चालीत मात करता येत असेल तर केलीच पाहिजे’ ही सक्ती दोन्ही बाजूंवर असते.

‘सर’ म्हणजे सिरीज. सर-एच#५ मध्ये काळा सलग पाच चाली खेळतो, पांढरा तोवर गप्प बसतो, आणि मग एकाच चालीत मात करतो. मालिकेच्या शेवटच्या चालीआधी कुठेही शह देता येत नाही. आपल्या राजाला शहात ठेवणे अर्थात कधीच चालत नाही.

शेवटी ‘२.१.१.१’ असे आकडे दिसले तर ती उत्तरांची संख्या: पहिल्या अर्ध्या चालीला दोन पर्याय, त्यानंतर प्रत्येक वेळी एकच. म्हणजे दोन उत्तरे.

८. सर्सेमध्ये मेलेला मोहरा नेमका कुठे जन्मतो?

सर्से ही अट फ्रान्सच्या पिएर मोनरेआल यांची, १९६० च्या दशकाच्या अखेरीची. मारला गेलेला मोहरा पटाबाहेर न जाता डावाच्या सुरुवातीच्या आपल्या घरी परत येतो. कोणते घर, हे असे ठरते:

वजीर डी१ किंवा डी८. हत्ती, घोडा, उंट यांना दोन-दोन घरे असतात. ज्या रंगाच्या घरात मेला त्याच रंगाचे मूळ घर. प्यादे ज्या उभ्या ओळीत मेले तिच्यातच, दुसऱ्या किंवा सातव्या आडव्या ओळीवर. ग्रासहॉपरसारखे फेअरी मोहरे जिथे मेले त्या उभ्या ओळीच्या बढतीच्या घरात: सी५ वर मेलेला पांढरा ग्रासहॉपर सी८ वर, काळा असेल तर सी१ वर.

हिशेब करून पाहा. पांढरा हत्ती डी४ वर मेला. डी४ काळे, ए१ काळे, म्हणून ए१. काळा घोडा ई५ वर मेला. ई५ काळे, काळ्या घोड्यांपैकी काळे घर बी८, म्हणून बी८. रंग पटकन काढायची युक्ती: ए ला १, बी ला २ असे आकडे द्या आणि ओळीच्या आकड्यात मिळवा. बेरीज सम असेल तर काळे घर.

जन्माचे घर अडलेले असेल तर मोहरा कायमचा गेला. अडवणारा मोहरा मारणाराच असू शकतो: जी१ वर पांढरा घोडा मारला तर त्याच्या घरात मारणाराच उभा असतो, म्हणून पुनर्जन्म नाही. बढती झालेला वजीर वजीर म्हणूनच जन्मतो, प्यादे म्हणून नव्हे. ए१ किंवा एच१ वर जन्मलेल्या हत्तीशी राजा किल्लेकोटही करू शकतो, राजा हलला नसेल तर.

यातली खरी गंमत शहात आहे. काळा राजा डी४ वर, पांढरा वजीर डी३ वर एकटा, पाठीशी कोणी नाही, डी२ आणि डी१ रिकामी. राजाने वजीर मारावा? नाही. मारला की वजीर डी१ वर जन्मतो आणि डी३ च्या राजाला शह. स्वतःला शहात नेणारी चाल म्हणून ती अवैध. बिनसंरक्षणाचा वजीर नाकासमोर उभा राहून शह देतो! सर्सेच्या निम्म्या माता याच तत्त्वावर असतात, म्हणून पळवाटा मोजताना ‘मारले तर काय जन्मेल’ हे प्रत्येक वेळी विचारा.

राजाचा पुनर्जन्म साध्या सर्सेत नसतो.

९. मद्रासीचे नाव आपल्या मद्रासवरून आहे का? नियम काय?

हो. अब्दुल जब्बार कारवटकर या भारतीय रचनाकाराने १९७९ मध्ये ही अट सुचवली. जगभरच्या फेअरी समस्यांत रुळलेली ही अस्सल भारतीय भर आहे.

नियम एका वाक्याचा: आपल्याच जातीच्या शत्रूच्या माऱ्यात आलेला मोहरा लुळा पडतो. लुळा मोहरा हलत नाही, मारत नाही, शह देत नाही. पण समोरच्याला लुळे करण्याची ताकद मात्र त्याच्यात शाबूत राहते, नाहीतर नियम स्वतःलाच खाऊन टाकील. राजांना हा नियम लागू नसतो. लागू करायचा असेल तर ‘रेक्स इन्क्लुझिव्ह’ असे वेगळे लिहितात.

पांढरा हत्ती ए१, काळा हत्ती ए८, मधली ओळ मोकळी: दोघेही लुळे. काळा राजा एच१ वर असला आणि बी१ ते जी१ रिकामी असली तरी शह नाही. आता पांढऱ्याने आपला उंट ए४ वर आणला. मधली नजर तुटली, दोन्ही हत्ती जागे झाले आणि ए१ च्या हत्तीने शह दिला. काळा काय करतो? ए८ च्या हत्तीने ए४ चा उंट मारतो. हत्ती पुन्हा समोरासमोर, दोघेही पुन्हा लुळे, शह गायब. राजाला हात न लावता, शहाच्या रेषेवर न येता आणि शह देणाऱ्याला न मारता केलेला हा बचाव नेहमीच्या बुद्धिबळात असूच शकत नाही.

१०. अँटीसर्से म्हणजे सर्सेच्या उलट, एवढेच ना?

जवळपास. इथे मेलेला जातो आणि मारणारा आपल्या मूळ घरी परत फिरतो. घर ठरवण्याची रीत प्रश्न ८ प्रमाणेच, मारले त्या घरावरून. राजालाही हे लागू: काळ्या राजाने काहीही मारले की तो ई८ वर. मोठा फरक असा की परतीचे घर अडलेले असेल तर मारताच येत नाही. म्हणून ज्याचे परतीचे घर भरलेले आहे तो शहही देत नाही.

अवघड अपवाद: मारायचे घर आणि परतीचे घर एकच असेल तर? ‘काल्व्हे’ प्रकारात चालते, ‘शेलां’ प्रकारात चालत नाही. नुसते ‘अँटीसर्से’ लिहिलेले असेल तर काल्व्हे धरतात.

११. मॅक्सिममरमध्ये ‘सर्वांत लांब चाल’ कशी मोजायची?

काळ्याने उपलब्ध वैध चालींपैकी भूमितीने सर्वांत लांब चाल खेळायची सक्ती, ही डॉसन यांची अट. अंतर घराच्या मध्यापासून मध्यापर्यंत. सरळ एक घर १, तिरके एक घर सुमारे १.४१, घोड्याची उडी सुमारे २.२४. लोक घरे मोजतात आणि तिथेच फसतात: उंटाची तिरकी पाच घरे सुमारे ७.०७ होतात, म्हणजे हत्तीच्या सरळ सात घरांपेक्षा जास्त. तिरकी दोन घरे (२.८३) घोड्यापेक्षा लांब. किल्लेकोटात राजा आणि हत्ती दोघांची अंतरे मिळवतात: लहान बाजूला ४, मोठ्या बाजूला ५.

दोन चाली सारख्याच लांब असतील तर निवड काळ्याची. ‘वैध’ या शब्दाकडे लक्ष ठेवा: काळ्या राजाला शह असेल तर शह सोडवणाऱ्या चालींमधूनच सर्वांत लांब निवडायची. त्यामुळे शह हे काळ्याला हवे तिथे हाकण्याचे साधन होते, आणि सेल्फमेटसाठी ही अट इतकी सोयीची का, हे त्यावरून कळते.

१२. इतर कोणत्या अटी आधी शिकाव्यात?

दोन पुरेत. ग्रिड चेसमध्ये (वॉल्टर स्टेड, १९५३) पट दोन-बाय-दोनच्या सोळा चौकांत विभागतात आणि प्रत्येक चालीने चौकाची किमान एक सीमा ओलांडली पाहिजे; त्यामुळे दोन राजे एकाच चौकात शेजारी-शेजारी बिनधास्त उभे राहू शकतात. जर्मनीतल्या आंडरनाख गावाच्या नावाच्या अटीत मारणारा मोहरा (राजा सोडून) रंग बदलतो: पांढऱ्या हत्तीने मारले की तो काळा हत्ती.

न्यूट्रल मोहरे ही अट नव्हे, मोहऱ्याचा प्रकार आहे. असा मोहरा ज्याची पाळी त्याचा. दोघेही तो हलवू शकतात, दोघेही तो मारू शकतात. विसरू नये ती गोष्ट म्हणजे तुम्ही न्यूट्रल मोहऱ्याने शह दिला तर पुढच्या चालीत समोरचा तोच मोहरा दुसरीकडे नेऊन ठेवू शकतो.

अटींची यादी शेकड्यांत आहे. सगळ्या पाठ करण्याच्या नादी लागू नका.

१३. किल्लेकोट, एन पासां आणि बढती यांचे काय धरायचे?

किल्लेकोट: राजा आणि हत्ती मूळ घरांत असतील तर परवानगी आहे असे धरा, ती नाही असे सिद्ध करता येत नसेल तोवर. एन पासां बरोबर उलट: शेवटची चाल प्याद्याची दोन घरांचीच होती असे सिद्ध झाले तरच पहिल्या चालीला परवानगी. बढती: नेहमीच्या चार मोहऱ्यांखेरीज आकृतीत जे फेअरी मोहरे आहेत तेही होता येतात. पटावर ग्रासहॉपर असेल तर सातव्या ओळीवरचे प्यादे ग्रासहॉपरही होऊ शकते. ‘उत्तरच सापडत नाही’ अशा तक्रारींत बऱ्याचदा हीच चाल राहून गेलेली असते.

१४. हेल्पमेट सोडवताना सुरुवात कुठून करू?

शेवटापासून. मातेचे चित्र आधी कल्पा, मग तिथपर्यंत पोचायला चाली पुरतात का ते मोजा. काळा राजा कोणत्या घरात मरेल? तिथल्या पळवाटा कोण अडवेल: पांढऱ्याचे मोहरे की काळ्याचे स्वतःचेच? शह कोण देईल? पांढऱ्याकडे एच#२ मध्ये दोनच चाली आहेत, त्यातली एक मातेची. म्हणजे तयारीला एक. एवढ्याने बरीच चित्रे बाद होतात.

उरलेल्या चित्रात चालींचा क्रम शोधा. चांगल्या समस्येत क्रम एकच असतो आणि त्याला कारण असते: काळ्याचा मोहरा आधी हलला तर पांढऱ्याची रेषा अडते, किंवा पांढऱ्याला शह बसतो. तुम्हाला दोन क्रम चालताना दिसले तर उत्तर बहुधा चुकलेले आहे. पहिले उत्तर सापडल्यावर दुसरे त्याचेच प्रतिबिंब असण्याची शक्यता मोठी: पहिल्यात हत्तीने जे केले ते दुसऱ्यात उंट करतो, असे.

१५. आकृतीत उलटा वजीर, उलटा घोडा दिसतो. छपाईची चूक आहे का?

नाही. उलटा वजीर म्हणजे ग्रासहॉपर, उलटा घोडा म्हणजे नाइटरायडर. बाकीच्यांसाठी आडवे फिरवलेले मोहरे वापरतात आणि त्यांचा अर्थ आकृतीखाली दिलेला असतो. खाली (५+७) असेल तर पांढरे पाच, काळे सात. मांडल्यावर आधी ही संख्या जुळवा. ‘सी+’ म्हणजे संगणकाने तपासलेली. घरच्या पटावर उलटा वजीर उभा राहत नाही, तेव्हा दुसऱ्या संचातला वजीर घेऊन त्याच्या मानेत रबरबँड अडकवा.

१६. पोपाय प्रोग्रॅम उत्तरच देत नाही, किंवा भलतेच देतो. काय चुकते?

पोपाय हा फेअरी समस्या तपासणारा मोफत प्रोग्रॅम. साध्या मजकूर-फाइलमध्ये मोहरे, मागणी आणि अटी लिहून तो चालवायचा. आकृतीवर काम करायचे असेल तर ऑलिव्ह हा मोफत मुखवटा त्यावर बसवता येतो. चुका बहुतेक याच:

घोड्यासाठी ‘एन’ लिहिणे. समस्यांच्या जगात ‘एन’ नाइटरायडरचा आहे; घोडा ‘एस’, जर्मन श्प्रिंगरवरून. ही चूक झाली की प्रोग्रॅम कुरकूर न करता दुसरीच समस्या सोडवतो, आणि म्हणूनच ती घातक. छापलेल्या आकृतीत नऊ मोहरे होते आणि उत्तरे चाळीस आली तर आधी हेच तपासा.

अट लिहायची राहणे, किंवा हेल्पमेटमध्ये अर्धी चाल विसरणे (एच#२.५ ऐवजी एच#२, प्रश्न ७ पहा).

सरळ मातेच्या समस्येत फक्त पहिली चाल छापली जाणे. काळ्याचे बचाव हवे असतील तर ‘व्हेरिएशन’ हा पर्याय द्यावा लागतो, फसवे प्रयत्न हवे असतील तर ‘ट्राय’, आणि काळा आत्ता खेळला असता तर काय झाले असते हे हवे असेल तर ‘सेटप्ले’.

लांब मालिकेला वेळ लागतो. ग्रासहॉपरांनी भरलेली सर-एच#१५ रात्रभर चालली तरी प्रोग्रॅम बिघडलेला नसतो.

१७. माझ्या समस्येला दोन उत्तरे निघाली. एक जास्तीचे चालणार नाही का?

नाही. रचनाकाराला नको असलेले उत्तर म्हणजे ‘कुक’, आणि कुक निघालेली समस्या बाद. दुरुस्तीला घाईने प्यादे वाढवू नका. आधी कुकची कोणती चाल नको आहे ते ठरवा, मग आहे त्यातलाच एखादा मोहरा एक घर सरकवून ती बंद होते का पाहा. सगळी रचना एक ओळ वर किंवा डावीकडे सरकवल्याने बरेच कुक मरतात, कारण पटाच्या कडेचा आधार बदलतो. (प्यादी, किल्लेकोट आणि सर्सेची जन्मघरे असतील तर सरकवताना सगळा हिशेब बदलतो.) दोन्ही उत्तरे चांगली असतील तर ती जाहीर करून टाका: ‘दोन उत्तरे’. त्यांच्यात काही नाते मात्र हवे.

१८. समस्या चांगली आहे की नुसती विचित्र, हे कसे ओळखायचे?

अट काढून टाका आणि पाहा. सर्से वगळूनही तीच मात बसत असेल तर सर्से शोभेला होते. प्रत्येक फेअरी मोहऱ्याने असे काहीतरी केले पाहिजे जे हत्ती-उंटाला जमले नसते: ग्रासहॉपर असेल तर हर्डल येण्या-जाण्यावर खेळ हवा, नुसते एक घर राखायला त्याला बसवणे म्हणजे उधळपट्टी. तीन अटी आणि पाच प्रकारचे मोहरे एकत्र कोंबलेली समस्या बहुधा संगणकाने शोधलेली आणि माणसाने न समजलेली असते. एक अट आणि सात-आठ मोहऱ्यांत झालेले काम परीक्षकांनाही आवडते.

१९. प्रकाशित कुठे करायची, आणि याच्या स्पर्धा असतात का?

पाठवण्याआधी पूर्वी कोणी तेच केले आहे का ते पाहा. जर्मन नियतकालिक ‘डी श्वाल्बे’चा पीडीबी आणि वायएसीपीडीबी हे समस्यासंग्रह मोफत शोधता येतात. ‘डी श्वाल्बे’ आणि इंग्लंडचे ‘द प्रॉब्लेमिस्ट’ दोन्ही फेअरी समस्या घेतात. आकृती, मोहऱ्यांची संख्या, मागणी, अट, पूर्ण उत्तर आणि कशाने तपासली ते पाठवा. एकच समस्या एका वेळी दोन ठिकाणी पाठवणे शिष्टाचाराला धरून नाही.

निवडक समस्या ‘फिडे अल्बम’मध्ये जातात, त्यात फेअरीचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यातल्या गुणांवर किताब मिळतात: फिडे मास्टर १२, आंतरराष्ट्रीय मास्टर २५, ग्रँडमास्टर ७०. समस्या सोडवण्याच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या सहा फेऱ्यांत मात्र फेअरी नाही. तिथे हेल्पमेट आणि सेल्फमेट यांची एकेक फेरी असते, तीन समस्या आणि ५० मिनिटे. मोहरे आणि नियम नेहमीचेच. तेवढ्यासाठी तयारी करत असाल तर प्रश्न ७ आणि १४ पुरेत, ग्रासहॉपर सवडीने शिका.